चार लाल नोंदी आणि परतीची वाट : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

नोकरी पुरी होण्याआधीच ज्यांना फौजेने घरी पाठवले, अशा जवानांच्या फायली आम्ही वाचतो आणि त्यांचे अर्ज तयार करून देतो. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या, घरटी माणूस फौजेत असलेल्या गावांत हा विषय दबक्या आवाजात निघतो. पेन्शन मिळेल का, हे लोक नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, ‘परत वर्दी चढेल का?’ कायद्यात परतीची वाट आहे. पण ती चालून संपेपर्यंत जवानाचे वय निघून जाते. हे पत्र त्या वाया जाणाऱ्या वेळेबद्दल आहे.

बहुतेक प्रकरणे आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम १३ (डिस्चार्ज, म्हणजे सेवामुक्ती) खालची असतात. कंडक्ट शीटवर (वर्तणुकीच्या नोंदपत्रावर) चार लाल शाईच्या, म्हणजे जड शिक्षांच्या, नोंदी झाल्या की जवान ‘अनडिझायरेबल’ (फौजेला नकोसा) ठरवला जातो आणि डिस्चार्ज बुकात ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ (सेवेची गरज उरली नाही) असा शेरा पडतो. यातल्या पुष्कळ नोंदी चोरी-मारामारीच्या नसतात, रजेवरून उशिरा परतल्याच्या असतात. ओळ साधारण अशी असते : ‘आर्मी ॲक्ट कलम ३९ (बी), रजेपेक्षा ११ दिवस जास्त, ७ दिवस सश्रम कैद’. खाली तारीख आणि सही. आई दवाखान्यात होती की दरड कोसळून घाट बंद होता, हे त्या ओळीत कुठेच येत नाही.

शिक्षा कमांडिंग ऑफिसर त्याच ॲक्टच्या कलम ८० खाली देतात. त्याआधी नियम २२ प्रमाणे आरोप जवानासमोर ऐकायचा असतो, त्याला साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यायचे असतात, स्वतःचे साक्षीदार आणू द्यायचे असतात. प्रत्यक्षात टोपी-पट्टा काढलेला जवान मार्च-अप होतो (साहेबांसमोर उभा केला जातो), ‘जी साहब’ म्हणतो, सही करतो आणि बाहेर येतो. त्या वेळी सात दिवसांची शिक्षा त्याला किरकोळ वाटते. तीच नोंद पुढे चारातली एक म्हणून मोजली जाईल, हे त्याला कुणी समजावून सांगितलेले नसते.

चार नोंदी झाल्या म्हणजे डिस्चार्ज झालाच पाहिजे, असे नाही. हे आमचे मत नाही, सेना मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रातच ते लिहिलेले आहे. आधी निःपक्ष प्राथमिक चौकशी करा, जवानाला बाजू मांडू द्या, कारणे दाखवा नोटीस द्या. प्रत्येक नोंद कोणत्या गुन्ह्याची आहे ते बघा. त्याची एकूण नोकरी, खडतर ठिकाणच्या पोस्टिंगा विचारात घ्या. पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी कठोर वागू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात हेच उचलून धरले आणि चौकशीशिवाय दिलेला डिस्चार्ज टिकत नाही असे सांगितले. मात्र २०१९ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात, नोटीस देऊन उत्तर घेतलेले असल्यामुळे, त्याच न्यायालयाने डिस्चार्ज कायम ठेवला. म्हणजे सगळी भिस्त कागदांवर आहे. नेमके तेच कागद जवानाच्या हातात नसतात.

घरी येताना त्याच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असते. पण दाद मागायला कंडक्ट शीट लागते, शीट रोल (सेवेची नोंद) लागतो, चौकशीचे कामकाज, नोटीस, तिला दिलेले उत्तर आणि वरिष्ठ कमांडरची मंजुरी लागते. यासाठी रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. कागद येतात ते बऱ्याचदा अर्धे, मग अपील करावे लागते. तोवर घड्याळ चालूच असते. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा २००७ च्या कलम २१ प्रमाणे आधी खात्यातला उपाय करून बघावा लागतो. निवेदनावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर तो उपाय संपला असे धरतात, आणि कलम २२ प्रमाणे तिथून पुढच्या सहा महिन्यांत अर्ज दाखल करावा लागतो. महाराष्ट्र-गोव्यातल्या जवानासाठी अर्जाची जागा म्हणजे न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. सगळ्यात जास्त माणसे या मुदतीतच चुकतात. खासदारांना पत्र, पंतप्रधान कार्यालयाला पत्र, मग त्यांची स्मरणपत्रे, असे वर्ष निघून जाते. या पत्रांनी मुदत वाढत नाही. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण त्या उशिराची कारणे द्यावी लागतात आणि तो वाद वेगळा चालतो.

काही जण नव्याने भरतीला उभे राहायचे ठरवतात. तिथे वयाची अट आडवी येते. शिवाय भरतीच्या फॉर्ममध्ये आधीच्या नोकरीबद्दल विचारलेले असते. ते लपवले तर आर्मी ॲक्टच्या कलम ४४ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही प्रत्येकाला हे आधी सांगतो, कारण कोपऱ्यावरचा एजंट नेमके हेच सांगत नाही. गैरवर्तनासाठी डिस्चार्ज झालेला माणूस माजी सैनिकाच्या व्याख्येतही बसत नाही, त्यामुळे राखीव जागांचा रस्ताही बंद होतो.

समजा एकोणिसाव्या वर्षी भरती झालेल्याला नऊ वर्षांच्या नोकरीनंतर घरी पाठवले. निवेदन, न्यायाधिकरण, वरची अपिले यांत आठ वर्षे गेली, तर निकालाच्या दिवशी तो छत्तीस वर्षांचा असतो. जिंकला तरी अशा निकालांत बहुधा ‘कागदोपत्री सेवेत होता’ असे धरून पंधरा वर्षे पुरी करतात आणि पेन्शन देतात. पेन्शनचे मोल आम्हाला ठाऊक आहे, त्यावर घर उभे राहते. पण जी शिस्त त्याने मोडली नव्हती असे अखेरीस ठरले, तिच्यात परत उभे राहण्याचा त्याचा हक्क तेवढ्यात संपलेला असतो.

वैद्यकीय कारणाने बाहेर पडलेल्यांचीही तीच गत. लो मेडिकल कॅटेगरीच्या (तंदुरुस्तीची श्रेणी घसरलेल्या) जवानाला इनव्हॅलिडिंग बोर्डाशिवाय (नोकरीस अपात्र ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाशिवाय) काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राजपाल सिंग प्रकरणात स्पष्ट केले. पण बाहेर पडल्यावर त्याची अपिले अपंगत्वाचे टक्के किती आणि ते नोकरीमुळे आले का, याभोवतीच फिरतात. माणूस आता बरा झाला आहे, त्याला शेल्टर्ड अपॉइंटमेंटवर (हलक्या कामाच्या नेमणुकीवर) तरी परत घ्यावे का, हा प्रश्न त्यात येतच नाही.

म्हणून आमचे मागणे असे आहे. नियम १३ खाली कुणालाही युनिटमधून हलवण्याआधी वर सांगितलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती त्याच्या हातात, त्याला वाचता येणाऱ्या भाषेतल्या गोषवाऱ्यासह, सही घेऊन द्याव्यात. त्याच कागदावर दाद कुठे मागायची आणि मुदत किती हे छापलेले असावे. त्याच्या निवेदनावर नव्वद दिवसांत कारणांसह निर्णय व्हावा, आणि चौकशीच झाली नसेल तर त्याला परत घेण्याचा अधिकार तिथेच वापरला जावा, त्यासाठी कोर्टाची वाट बघू नये. न्यायाधिकरणाने केवळ कार्यपद्धतीच्या चुकीवर डिस्चार्ज रद्द केला आणि माणूस वयात व शेप-वनमध्ये (पूर्ण तंदुरुस्तीच्या वैद्यकीय श्रेणीत) असेल, तर अपिलात न जाता त्याला रुजू करून घ्यावे. नव्याने चौकशी करायची असेल तर ती तो नोकरीत असताना करावी. गोव्याचे मनोहर पर्रीकर या पदावर असताना २०१५ मध्ये त्यांनी जवानांशी चालणारे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. सरकारने स्वतःच्याच माणसाशी उठसूट कोर्टात भांडू नये, हा त्यामागचा विचार आजही तितकाच खरा आहे.

आता घाई आहे ती अग्निवीरांमुळे. २०२२ पासून भरती झालेल्या या मुलांची नोकरीच चार वर्षांची. दोन वर्षांनी चुकीने घरी पाठवलेल्या मुलाचे पहिले वर्ष निवेदनाच्या सहा महिन्यांत आणि अर्जाच्या सहा महिन्यांत जाईल, दुसरे तारखांमध्ये. त्याचा अर्ज सुनावणीला येईल तेव्हा परत जायला नोकरीच शिल्लक नसेल. प्रती देणे आणि नव्वद दिवसांची मुदत, या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही. १९८८ च्या पत्रात दोन परिच्छेद वाढवून ते सर्व रेकॉर्ड ऑफिसांना पाठवले तरी पुरे. ते पत्र आपण काढावे, ही विनंती.

आपले,
जवानांच्या सेवाविषयक कागदपत्रांचे काम करणारे आम्ही, सातारा