क्नोसॉसला जाण्याआधी संग्रहालय पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतल्या ग्रीस सहलींच्या जाहिराती इंदुरात झळकू लागल्या आहेत. बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत अथेन्स आणि सांतोरिनीच्या मधे ‘क्रीट : मिनोअन राजवाडा, दीड तास’ अशी एक ओळ असते (मिनोअन म्हणजे क्रीट बेटावरची कांस्ययुगातली संस्कृती). वेळ उरला तर संग्रहालय. हा क्रम टूरवाल्याशी भांडून उलटा करून घ्यावा. आधी क्रीटमधल्या हेराक्लिऑन शहराचं पुराणवस्तू संग्रहालय आणि मग पाच किलोमीटरवरचं क्नोसॉस, म्हणजे तो राजवाडा.

कारण साधं आहे. क्नोसॉसच्या ज्या लाल खांबांसमोर सगळे फोटो काढतात ते विसाव्या शतकातले आहेत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने 1900 साली तिथे मोठं उत्खनन सुरू केलं (पहिले खड्डे 1878 मध्ये हेराक्लिऑनच्याच मिनोस कालोकेरिनोसने खणले होते, पण ते नाव गाइड क्वचितच घेतात). मूळ खांब लाकडाचे, वर जाड आणि खाली निमुळते. ते आगीत जळून तीन हजारांवर वर्षं झाली होती. माती काढताच वरचे मजले अधांतरी राहिले. त्यांना आधी लाकडाचे टेकू दिले, ते पावसाने कुजले. मग लोखंडी तुळया आणि 1920 नंतर सरळ सळया घालून काँक्रीट. लाकूड वाटावं म्हणून काही तुळयांना पिवळट रंगही दिला. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचा 1984 मध्ये जळालेला मागचा भाग पुन्हा उभारला तेव्हा लाकडाच्या जागी लाकूडच आलं. क्नोसॉसला तसं नाही. तरी इव्हान्सला सरसकट दोष देणं मला पटत नाही. 1926 च्या भूकंपात ते काँक्रीट टिकलं, आणि त्याच्याशिवाय पूर्वेकडचा भव्य जिना आज दिसलाच नसता.

भिंतींवरची चित्रंही नकला आहेत. अस्सल तुकडे संग्रहालयात आहेत आणि ते किती थोडे आहेत हे तिथेच कळतं. ‘लिलीफुलांचा राजकुमार’ जवळून पाहा. मुकुट, छाती आणि पाय यांचे उठावाचे जुने तुकडे वेगळे ओळखू येतात, मधलं सगळं नवं भरलेलं आहे. हे तुकडे एकाच माणसाचे नसावेत असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. केशर वेचणारा निळा मुलगा तर नंतर माकड निघाला. हे बघून क्नोसॉसला गेलात की डोळे आपोआप जमिनीकडे वळतात, आणि अस्सल माल तिथेच आहे.

पश्चिमेकडच्या अरुंद कोठारांत माणसाच्या उंचीचे रांजण आहेत. अंगावर दोरखंडासारख्या पट्ट्या आणि कडेने कानच कान. दगडांवर काही ठिकाणी आगीची काळी झाक अजून आहे. त्याच आगीने कच्च्या मातीच्या हिशेबाच्या पाट्या भाजून टिकवल्या, आणि 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुविशारदाने त्यांवरची लीनिअर बी ही लिपी वाचली तेव्हा भाषा जुनी ग्रीक निघाली. चौकोनी दगडी खांबांवर दुधारी कुऱ्हाडीच्या खुणा कोरलेल्या आहेत. ऊन तिरपं असेल तर चटकन दिसतात. पूर्वेच्या बुरुजाशी पायऱ्यांच्या कडेने पावसाची दगडी पन्हळ उतरते. ती सरळ घसरगुंडी नाही, वाकणं घेत उतरते, म्हणजे पाणी उसळून पायरीवर येत नाही. भाजलेल्या मातीचे नळ एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला निमुळते आणि एकात एक बसवलेले आहेत.

फरशी बरीचशी जिप्समची, म्हणजे ज्यापासून पीओपी होतं तोच दगड. तो पावसात विरघळतो आणि हजारो बुटांखाली झिजतो. म्हणून फळ्यांच्या वाटेवरूनच चालायचं. पहारेकरी उगाच शिट्टी मारत नाहीत. सिंहासनाच्या दालनातही बाहेरूनच डोकवावं लागतं. बाहेरच्या खोलीतली लाकडी खुर्ची ही नक्कल आहे. खरं जिप्समचं आसन आत, भिंतीला टेकून, गरुडमुखी सिंहांच्या चित्रांमधे आहे. घाईतले लोक खुर्चीचा फोटो काढून पुढे जातात.

तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि पहिल्या वेळेचं घ्या. क्रूझचे जथे उशिरा सकाळी येतात आणि सावली जवळजवळ नाही. सराफ्यातल्या खाऊबाजारातून रात्री एकला घरी येणाऱ्यांना हे जड जाईल, पण दुसरा इलाज नाही. दीड तास कमीच पडतो, अडीच धरा. हेराक्लिऑनच्या मध्यातून शहर बस थेट दारापर्यंत जाते. तळ गुळगुळीत असलेल्या चपला नकोत.

एक दिवस जास्त असेल तर दक्षिणेला सुमारे साठ किलोमीटरवर फैस्टोसच्या मिनोअन राजवाड्याला जा. तिथे उत्खनन करणाऱ्या इटालियन मंडळींनी काँक्रीटचे मजले चढवले नाहीत, त्यामुळे पायऱ्या, अंगण आणि समोरचा इडा पर्वत सगळं उघडं दिसतं. क्नोसॉसनंतर हाच राजवाडा जास्त समजतो, असं माझं मत. फक्त 1908 मध्ये सापडलेली ती चिन्हं उमटवलेली प्रसिद्ध मातीची तबकडी तिथे शोधत बसू नका. ती हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहे, आणि क्रम पाळलात तर आदल्याच दिवशी पाहून झालेली असेल.

आपला,
एक वाचक, इंदूर