घरात कोणी नाही

सोलापूर

चि. अमेयास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू हसत हसत सांगितलंस की महापालिकेची एक बाई टाक्या-बादल्यांत डासांच्या अळ्या आहेत का ते तपासायला आली होती आणि तुमच्यातल्या कुणीतरी आतूनच ओरडून सांगितलं, "घरात कोणी नाही!" बाबा हसले. मीही हसले. फोन ठेवून भाकरी थापायला गेले आणि पहिलीच भाकरी करपली. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळा होशील, म्हणून कागदावर लिहितेय.

हे वाक्य मी दाराच्या बाहेर उभी राहून ऐकलंय. पल्स पोलिओचे दिवस तुला आठवत असतील. रविवारी बूथ, आणि पुढचे काही दिवस घरोघर. तू लहान असताना मी घरी आले की आधी तुझ्या डाव्या करंगळीचं नख बघायचे, शाई आहे ना म्हणून. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला की आम्ही दारावर खडूनं 'पी' लिहायचो. घर बंद असलं किंवा एखादं पोर राहिलं की 'एक्स'. 'एक्स'च्या घरी परत जायचं, हा नियम. एकदा एका विडी कामगारांच्या वस्तीत एका दारामागून पुरुषाचा आवाज आला, "घरात कोणी नाही." मागं तान्हं पोर रडत होतं ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. माझ्याबरोबरची आशाताई म्हणाली, बाई, आता या माणसाला काय म्हणायचं? काही म्हटलं नाही. 'एक्स' काढला आणि पुढं गेलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी डोसाचं नावच काढलं नाही, कडी वाजवून फक्त पाणी मागितलं. त्याच्या बायकोनं दार उघडलं, तांब्या दिला, "उन्हाचं कशाला फिरता बाई" म्हणाली आणि पाच मिनिटांनी पोर माझ्या मांडीवर होतं. नोकरीत मी मुलांना काय शिकवलं देव जाणे, पण हे एक मी शिकले. माणसाला काही द्यायला गेलं की तो संशय घेतो, त्याच्याकडून काही मागितलं की दार उघडतो. 13 जानेवारी 2011 ला हावड्यात आजारी पडलेला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण देशातला शेवटचा ठरला आणि 27 मार्च 2014 ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ती बातमी बघताना मला तो तांब्या आठवला होता.

एवढं सगळं माहीत असलेली तुझी आई गेल्या वर्षी स्वतःच्या दारात कशी वागली, ते आता सांगते. तुला मी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं.

गणपती झाले आणि बाबांना ताप आला. डोळ्यांच्या मागं ठणका, अंग मोडून आल्यासारखं. पहिल्या दिवशी आपण नेहमी करतो तेच केलं, "पाऊस अंगावर घेतला असेल" म्हणून सुंठीचा काढा. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, एनएस1 पॉझिटिव्ह, म्हणजे डेंग्यू. तू रजा टाकून आलास, चार दिवस हॉस्पिटलमध्ये बसलास. तुला फक्त प्लेटलेटचे आकडे आठवत असतील, कारण आपण सगळ्यांनी दुसरं काही बघितलंच नाही. सकाळी 92 हजार, संध्याकाळी 71, दुसऱ्या दिवशी 48. मावशी पपईच्या पानांचा रस घेऊन आली, काकांनी किवीची पेटी पाठवली, कुणी शेळीचं दूध सुचवलं. डॉक्टर मात्र पुन्हा पुन्हा वेगळंच विचारत होते. लघवी किती वेळा झाली? पोटात दुखतंय का? उलट्या थांबल्या का? हिरड्यांतून रक्त येतंय का? मला त्यांचा रागच आला होता. आकडा उतरतोय आणि हे लघवीचं काय घेऊन बसलेत!

नंतर त्यांनी समजावलं तेव्हा कळलं. ताप उतरला की आपल्याला वाटतं माणूस सुटला. डेंग्यूत खरी जोखीम बहुतेक वेळा ताप उतरतानाच सुरू होते, कारण रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. त्या एक-दोन दिवसांत शरीरात पाणी किती आहे याच्याकडं डोळे हवेत. रक्तस्राव नसेल तर आकडा उतरला म्हणून उगाच प्लेटलेट चढवत नाहीत, दुखणं उतरलं की त्या आपोआप वाढतात. तापाला पॅरासिटामॉलच द्यायची, अंगदुखीची दुसरी गोळी दुकानातून आणून मनानं द्यायची नाही. हे तू लिहून ठेव, तुमच्या फ्लॅटमध्ये चार पोरं आहात. आपलं मन आकड्याला का धरून बसतं तेही मला तेव्हाच कळलं. आकडा मोबाइलवर पाठवता येतो, त्यावर "अरे बापरे" म्हणता येतं. लघवी किती वेळा झाली हे नातेवाइकांच्या ग्रुपवर कोण टाकणार?

बाबा घरी आले आणि मी अपराधी शोधायला निघाले. सापडलाही लगेच, शेजारचा मोकळा प्लॉट. तिथं जुने टायर, नारळाच्या करवंट्या, गणपतीच्या मंडपातले थर्माकोलचे तुकडे. गल्लीच्या ग्रुपवर 43 माणसं आहेत. प्लॉटचे फोटो पडले. सगळ्यांचं म्हणणं एकच, "कुणीतरी तक्रार केली पाहिजे." आम्हाला प्रशिक्षणात एक प्रयोग शिकवला होता, डार्ली आणि लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा, 1968 चा. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवायचा आणि ऐकणारा उठतो का ते बघायचं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं तेव्हा शंभरातले 85 उठले, आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तेव्हा 31. आपल्या गल्लीत तर 43 ऐकत होते! शेवटी मीच तक्रार केली, दोन पानी, मुद्द्यांना आकडे घालून. करून झाल्यावर काय वाटलं सांगू? गल्लीत मी एकटीच नागरिक आहे असं वाटलं.

तक्रारीसाठी कुणी आलं की नाही ते सोड. पण जिथं रुग्ण सापडतो तिथली आसपासची घरं तपासतात, त्यासाठी एक मुलगी आली. पंचविशीची असेल. पाठीवर सॅक, हातात टॉर्च, चेहऱ्यावर ऊन. मी दारातच म्हणाले, "आमच्या घरात काही सापडायचं नाही, तू त्या प्लॉटवर जा." ती म्हणाली, "जाते मावशी, आधी जरा पाणी देता का?"

हसू नकोस. मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. मी तिला पाणी दिलं आणि ती आत आली.

तुला माहीत आहे आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. म्हणून घराघरात बॅरल, पिंप, हौद. पाणी आलं की बॅरल आधी रिकामा करून घासायची कुणाची छाती होते? आहे त्यावरच भर घालायची. तळाचं पाणी किती दिवसांचं असतं ते कुणालाच माहीत नसतं. तिनं आपले दोन्ही बॅरल बघितले. मी जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं असतं, त्यामुळं आत काही नव्हतं. मी तिच्याकडं अशी बघत होते की जशी पहिला नंबर आलेली पोरगी मास्तरांकडं बघते. कुंड्या बघितल्या, कूलर बघितला, कोरडा. मग तिनं विचारलं, "फ्रिज जरा पुढं ओढू का?"

फ्रिजच्या मागं खाली एक प्लॅस्टिकचा ट्रे असतो. आतला बर्फ वितळून ते पाणी त्यात उतरतं. 11 वर्षं तो फ्रिज आपल्या घरात आहे आणि तो ट्रे मी कधी बघितला नव्हता. तिनं टॉर्च मारला. बोटभर पाणी, अगदी स्वच्छ, तळ दिसत होता. आणि त्यात बारीक बारीक अळ्या, स्वल्पविरामासारख्या, टॉर्च पडला तशा वळवळत खाली गेल्या.

माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. तिनं कागद काढला, त्यावर रकाने होते. तपासलेली भांडी, दूषित भांडी. आणि एक रकाना 'दूषित घर', त्यात तिनं एक आकडा लिहिला. मी तिला म्हणाले, हो, खरंच म्हणाले, "अगं, ते नाही लिहिलंस तर नाही का चालणार?" जन्मभर हजेरीपट, जनगणनेचे तक्ते, पोलिओचे तक्ते भरलेली बाई मी! ती म्हणाली, "मावशी, तुमचं नाव कुठं जात नाही, फक्त आकडा जातो." आणि ट्रे स्वतः काढून बाहेर ओतला, घासणीनं घासला. घासायचा का, तेही सांगितलं. मादी अंडी पाण्याच्या वर, काठाला चिकटवते, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी ओतून, घासून कोरडी करायची.

हा डास घाण गटारातला नव्हे. त्याला आपल्यासारखंच स्वच्छ, साठवलेलं, सावलीतलं पाणी लागतं, आणि तो फार लांब उडत नाही. तुझे बाबा निवृत्त, दिवसभर घरात, आणि हा चावतो दिवसाच. त्यांना चावलेला डास ट्रेमधलाच होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. प्लॉटवरचाही असेल. पण तुला, मावशीला, गल्लीत सगळ्यांना मी महिनाभर "टायरमुळं झालं" असंच सांगत राहिले. ट्रेचं नाव काढलं नाही. खोटं बोलतेय असंही मला वाटत नव्हतं. हेच मला जास्त लागलं. दुसऱ्याचा टायर रस्त्यावरून दिसतो, आपला ट्रे दिसायला फ्रिज ओढावा लागतो, आणि ओढायचा तर आधी कबूल करावं लागतं की आपल्या घरातही असू शकतं. स्वच्छ घराचा अभिमान असलेल्या बाईला ते जड जातं. घाणेरड्या घरातली बाई मुकाट्यानं दाखवेल.

धुराच्या गाडीचं तसंच. ग्रुपवर रोज मागणी, "फवारणी करा." गाडी आली की आवाज, वास, पांढरे लोट, सगळ्यांना बरं वाटतं. आणि गाडी आली की आपण करतो काय? पटापट खिडक्या लावतो. डास आत पडद्यामागं, कपाटाखाली बसलेले, धूर बाहेर. तो उडते डास मारतो, ट्रेमधल्या अळीला त्याचं काही नाही. पण ट्रे ओतल्याचा आवाज होत नाही ना!

आता तुमच्याबद्दल. एसीचं पाणी बाल्कनीतल्या बादलीत पडतं, ती बादली मी दिवाळीत बघितली होती. तुझ्या मित्राची मनी प्लँटची बाटली खिडकीत आहे. तुम्ही चौघं, म्हणजे "कुणीतरी करेल" म्हणणारे आणखी तिघं. सोमवार-गुरुवार असं काही ठरवू नका, ते टिकत नाही. कचऱ्याची पिशवी ज्याच्या वाट्याला, बादली त्याच्याच वाट्याला.

आणि ती बाई परत येईल. तिच्या कागदावर तुमच्या घरापुढं काय लिहिलंय ते मला माहीत आहे. अनोळखी माणसाला घरात घेऊ नये हे मीच तुला शिकवलंय, ते बरोबरच आहे. साखळी लावून ठेव, ओळखपत्र माग, खुशाल नीट वाच. त्याचा त्यांना राग येत नाही, मला तरी कधी आला नाही. राग कशाचा येतो सांगू? चौथा मजला चढून गेल्यावर आत टीव्ही चालू असतो आणि आवाज येतो.

बाबांची तब्येत चांगली आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एकदा एक झाला म्हणजे सुटलो असं नाही, उलट दुसऱ्या प्रकारचा झाला तर जास्त जड जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ट्रेची जबाबदारी त्यांनी स्वतःकडं घेतली आहे. दर रविवारी कॅलेंडरवर टिक मारतात. मागच्या रविवारी टिक होती आणि ट्रेमध्ये पाणीही होतं. मी काही बोलले नाही, ओतून टाकलं.

शेंगाची चटणी पाठवलीय. डबे परत आण, मागचे तीन अजून तिकडंच आहेत.

तुझी,
आई

ता.क. फ्रिज ओढायच्या आधी प्लग काढ. आणि ट्रे सरळ धर, नाहीतर सगळं पाणी पायावर येतं.