काट्यावरचे किलो आणि मांडीतले बळ

संपादक महोदय,

वजन घटवण्याविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, म्हणजे 'महिन्यात अमुक किलो'चे मथळे, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो, उंचीनुसार आदर्श वजनाचा तक्ता, त्याने पंचविशीतल्या वाचकाचे फारसे बिघडत नाही. पन्नाशी-साठीतल्या वाचकाचे बिघडते. या वयात उतरलेला किलो चरबीचा होता की स्नायूंचा, हाच खरा प्रश्न असतो आणि वजनकाट्याला त्याचे उत्तर देता येत नाही.

हिशोब असा आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचा ३ ते ८ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर ओसरते. असे शरीर केवळ जेवण कमी करून बारीक केले, तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. आठ किलो उतरले तर दोन किलो हे असे, आणि त्यात स्नायू आलेच. पुढे पथ्य सुटले की वजन परत येते, पण येताना ते मुख्यतः चरबी होऊन येते. दोन-तीनदा हा फेरा झाला की माणूस पुन्हा जुन्याच आकड्यावर उभा असतो. पाय मात्र काटकुळे झालेले आणि पोट सुटलेले. तक्त्याच्या लेखी त्याच्यात काहीच बदल झालेला नसतो.

'वयामुळे चयापचय मंदावले' ही तक्रारही जरा तपासून घ्यावी. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली, तर विशी ते साठी हा खर्च जवळजवळ स्थिर असतो. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्के घटतो. पन्नाशीत कमी झालेली असते ती हालचाल आणि स्नायू. या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

वजन वाढले की बहुतेक जण चालायला लागतात. चालणे उत्तमच: हृदयाला, रक्तातल्या साखरेला, झोपेला. ते कोणी सोडू नये. पण वजन घटवण्याचे साधन म्हणून त्याची झेप किती, हेही माहीत असावे. ७५ किलोचा माणूस सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालला, तर नुसते बसून राहण्यापेक्षा सुमारे ४० कॅलरी जास्त खर्च होतात. पाच किलोमीटरला २००. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे एका किलोला ३८ दिवस, तेही घरी आल्यावर भूक लागली म्हणून काही तोंडात न टाकता. शिवाय सपाट रस्त्यावर चालून दंड, खांदे, पाठ यांना काम मिळत नाही आणि मांडीलाही जेमतेमच.

२०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेली चाचणी यावर बरेच काही सांगून जाते. ६५ वर्षांवरील १६० स्थूल व्यक्ती. वजन घटवणाऱ्या तीन गटांना सहा महिने आहार सारखाच, व्यायाम मात्र वेगळा. तिन्ही गटांचे वजन सुमारे ९ टक्के उतरले. काट्याने विचारले तर तिघांचा निकाल एकच. पण नुसत्या दमश्वासाच्या (चालण्यासारख्या, एरोबिक) व्यायामाच्या गटाने चरबीविरहित वजनातला ५ टक्के भाग गमावला, वजने उचलणाऱ्यांनी २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांनी ३ टक्के. खुब्याच्या हाडाची घनता पहिल्या गटात ३ टक्क्यांनी घटली, इतर दोघांत जास्तीत जास्त एका टक्क्याने. रोजची कामे करण्याची क्षमता मात्र दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची सर्वाधिक, २१ टक्क्यांनी, वाढली. इतर दोन गटांची १४ टक्क्यांनी. म्हणजे चालायचे आहेच, पण त्याच्या जोडीला वजन उचलायचे आहे.

यासाठी जिम लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, अर्धा-पाऊण तास पुरतो. पाया म्हणजे खुर्चीवरची उठबस. चाके नसलेली, सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पावले खांद्यांएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. छाती पुढे झुकवून उठायचे आणि मनात तीन आकडे मोजत बसायचे. चूक होते ती बसताना. शेवटचे दहा सेंटिमीटर माणूस अंग टाकून देतो, आणि मांडीला सर्वांत जास्त काम तिथेच असते. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवावेत. हाताचा आधार न घेता उठता येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी; सोपे झाले की छातीशी वजन धरावे.

त्यानंतर जोर, पण भिंतीवरचे. भिंतीवर १२ सहज निघू लागले की भक्कम टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर. हात जितके खाली, तितका भार जास्त. कोपरे बाजूला काटकोनात उघडली की खांदा तक्रार करतो. ती धडाशी साधारण ४५ अंशांत असावीत. जोर काढताना ढकलणे झाले, तसे ओढणेही हवे: एक हात टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताने पिशवी बरगड्यांकडे ओढावी. पिशवीत पाण्याच्या बाटल्या चालतात, एक लिटर म्हणजे एक किलो. वाकून उचलायला शिकताना पाठीला काठी लावावी. डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड असे तीन ठिकाणी ती शेवटपर्यंत टेकलेली राहिली, तर वाकणे खुब्यातून होते आहे. सुटली तर कमरेतून. टाचा उचलणे आणि दोन्ही हातांत सारखे वजन घेऊन ताठ चालणे, एवढे झाले की यादी संपते. तोल सांभाळण्यासाठी भिंतीजवळ एका पायावर उभे राहायचे, दात घासतानाही जमते.

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, ८ ते १० वेळा. मग दोन ते तीन सेट, ८ ते १२ वेळा. 'आणखी दोनच वेळा जमले असते' असे वाटेल तिथे थांबावे. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी सगळ्या सेटमध्ये १२ पूर्ण झाले, की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवायचे. पाच किलो असेल तर फार तर अर्धा किलो. ही वाढवण्याची पायरीच बहुतेक जण गाळतात. तेच एक किलोचे डंबेल तीन वर्षे हलवणारे लोक मेहनती असतात, पण स्नायूला वाढायचे कारणच मिळत नाही. आणि 'आता या वयात कुठे' म्हणणाऱ्यांसाठी: १९९० मध्ये संशोधक मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले होते. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

बिघडते ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि उत्साहामुळे. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते, पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना महिने लागतात. अंगात जोर आल्यासारखे वाटते, माणूस भार दुप्पट करतो किंवा एकदम पळायला लागतो, आणि टाचेच्या वरची कंडरा, गुडघ्याची वाटी किंवा खांदा धरतो. सकाळचे पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येणे ही अशीच एक खूण. नियम साधा आहे: दुखणे दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल तर चालू ठेवावे, नाहीतर भार निम्मा करावा, पण पूर्ण बंद करू नये. वजन उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब झपकन चढतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा.

आहाराबद्दल थोडेच, कारण त्याविषयी आधीच फार लिहिले जाते. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी, आठवड्याला पाव ते अर्धा किलो घट, याहून घाई नको. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तर ते बहुतांश पाणी असते: शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (साखरेचा हा राखीव साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, साठा रिकामा झाला की तेही जाते. अनेक 'चमत्कारी' आहारांचे रहस्य एवढेच. कमी करताना प्रथिने मात्र कमी करायची नाहीत. या वयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम लागतात, आणि एका जेवणात २५-३० ग्रॅम आली तर स्नायू त्यांचा चांगला उपयोग करतात. ही मात्रा वाटते तितकी सहज जमत नाही: एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, शंभर ग्रॅम शिजवलेल्या कडधान्यात ८-९. बहुतेकांची सकाळ जवळपास प्रथिनांवाचून जाते; सुधारणा तिथून करावी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

औषधांचा मुद्दा आरोग्यविषयक मजकुरात हमखास सुटतो. बीटा-ब्लॉकर (रक्तदाबाचे किंवा हृदयाचे एक औषध) घेणाऱ्याची नाडी औषधाने रोखलेली असते, त्यामुळे नाडीची कमाल गती काढण्याचे '२२० वजा वय' हे सूत्र त्याच्या कामाचे नाही (एरवीही ते दहा-बारा ठोक्यांनी चुकते). चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ही कसोटी त्याहून भरवशाची. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने, कधी कधी काही तासांनीही, धोकादायक खाली जाऊ शकते. वजन उतरू लागले की रक्तदाबाच्या जुन्या मात्रा जास्त होतात आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यायची असते, स्वतः गोळी बंद करायची नसते. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जड वजन उचलू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पोटासाठी पाठ गोल करून उठण्याचे व्यायाम टाळावेत. तसेही, त्या व्यायामांनी पोटाची चरबी उतरत नाही. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घेरी, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तिथेच थांबवावा आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

आपल्याला विनंती एवढीच. आदर्श वजनाच्या तक्त्याच्या जागी दोन मोजमापे छापावीत. पहिले, पोटाचा घेर: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पट्टी न आवळता, तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. दुसरे, हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते ते: ६० ते ६४ वयात पुरुषांचा आकडा १४ पेक्षा आणि स्त्रियांचा १२ पेक्षा कमी असेल तर तो सरासरीखाली समजतात. आणि पुढच्या वेळी कोणाची 'वीस किलो घटवले' अशी बातमी आली, तर छापण्यापूर्वी त्यांच्या उठबशांचा आधीचा व आताचा आकडा आणि वर्षभरानंतरचे वजन विचारावे.

आपले,
एक व्यायाम-प्रशिक्षक आणि एक आहारतज्ज्ञ

ता. क. काहीही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरले, तर वरचे काहीच लागू होत नाही. त्याचे कारण शोधण्यासाठी आधी डॉक्टरांकडे जावे.