अपील कुठं आणि किती दिवसांत, एवढं निकालावरच लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालं, आम्हा सांगली-सातारा-सोलापूरवाल्यांची, तिकडं रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांची मुंबईची वारी वाचली, चांगलंच झालं. पण त्यामुळं गावाकडं एक नवीनच समज पसरलाय की आता कसल्याही निकालावर अपील म्हणजे थेट कोल्हापूर.

माझा चुलत भाऊ यातच फसला. वाटणीचा दावा ज्युनिअर डिव्हिजनला (सगळ्यात खालच्या दिवाणी कोर्टात) हरला, आणि टपरीवर कुणीतरी सांगितलं की हायकोर्ट आता जवळच आलंय, ९० दिवस असतात, ऊसतोड उरकू दे मग बघू. गडी ६२ व्या दिवशी कागदांची पिशवी घेऊन कोल्हापूरला. तिथल्या वकिलांनी निकाल चाळला आणि म्हणाले, काका हे इथं येत नाही, जिल्हा कोर्टात जातं, आणि तिथली मुदत ३० दिवसांची होती.

९० दिवस खोटं नाही हो. पण मुदत कायदा १९६३ प्रमाणे ते हायकोर्टात करायच्या अपिलाला, बाकीच्या दिवाणी कोर्टातल्या अपिलाला ३०च. ज्युनिअर डिव्हिजनचं अपील जिल्हा कोर्टात, सिनिअर डिव्हिजनचं (त्याच्या वरच्या दिवाणी कोर्टाचं) दाव्याच्या किमतीवर ठरतं, कधी जिल्हा कोर्ट कधी हायकोर्ट. शेतकऱ्याला हे कुठनं कळणार?

नकलेचं, म्हणजे अपिलासाठी कोर्टाकडनं घ्यायच्या निकालाच्या प्रतीचं, तर आणखीनच वेगळं. अर्ज टाकल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतनं वगळतात, हे बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असतं, म्हणून लोक निवांत राहतात. पण अर्जच २० दिवसांनी टाकला तर ते २० दिवस गेलेच, आणि नक्कल तयार होऊन कोर्टात पडून राहिली, तुम्ही आणायला गेला नाही, तर तेही दिवस तुमच्याच नावावर! नकलेवर शिक्का असतो बघा, अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. भावाच्या शिक्क्यावर शेवटच्या दोन तारखांत ११ दिवसांचं अंतर आहे.

आता मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज टाकलाय. सुप्रीम कोर्टानं १९८७ च्या कातीजी प्रकरणात अशा अर्जांकडं उदारपणे बघा असं सांगितलंय खरं, पण तिथं अपील सरकारचं होतं आणि उशीर ४ दिवसांचा. इकडं समोरच्यांनी दरखास्त (निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज) दाखल करून टाकली, कारण नुसतं अपील केलं म्हणून हुकूमनामा (निकालातला कोर्टाचा आदेश) थांबत नाही, स्टे म्हणजे स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि आमचं तर अपीलच अजून दाखल करून घ्यायचं बाकी आहे.

वकील सांगत नाहीत का, असं कुणी विचारेल. सांगतात की, पण हरलेला माणूस पहिला राग वकिलावरच काढतो आणि परत त्यांची पायरी चढत नाही, आमच्या भावानं तेच केलं. चूक त्याची आहेच, मी नाही म्हणत नाही.

पण माहिती अधिकारात बघा. अर्ज फेटाळला तर अपील कुणाकडं आणि किती दिवसांत हे त्या उत्तरातच लिहावं लागतं, कायद्याच्या कलम ७(८) मध्ये तसं आहे. चार झेरॉक्सच्या अर्जाला ही सोय, आणि ज्या निकालानं माणसाची जमीन जाते त्याच्या खाली दोन ओळी नकोत? अपील अमुक कोर्टात, मुदत इतके दिवस, नकलेचा अर्ज लगेच करा, बास. मराठीत. रबरी शिक्का मारला तरी चालेल, कोर्टात शिक्क्यांना काय तोटा आहे. हायकोर्टानं खालच्या कोर्टांना तसं एक परिपत्रक काढावं एवढीच विनंती.

- एक वाचक, तासगाव (जि. सांगली)