आधी बोर्डावरचा डिमर बघा, मग भिंत फोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘एलईडी दिवे का लुकलुकतात?’ हा लेख वाचला. लेखिकेने तीन कारणे दिली आहेत: कमी-जास्त होणारा दाब, हलक्या प्रतीचा दिवा आणि जुने वायरिंग. शेवटी सल्ला असा, की घर वीस वर्षांहून जुने असेल तर सगळे वायरिंग बदलून घ्यावे. कारणे खोटी नाहीत. पण जुन्या घरांत, विशेषतः हॉलमध्ये, मला सर्वांत जास्त वेळा जे सापडते त्या डिमरचा, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या घुंडीचा, लेखात उल्लेखच नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री (वायरमन) व्यवसायाचा शिल्प निदेशक, म्हणजे शिक्षक, म्हणून माझी नोकरी झाली. त्यामुळे गप्प बसवेना.

नव्वदच्या दशकात फ्लॅट घेतलेल्यांना आठवत असेल. हॉलच्या बोर्डावर पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी आणखी एक गोल घुंडी असणे हा तेव्हा प्रतिष्ठेचा भाग होता. वर पाच दिव्यांचे झुंबर, खाली घुंडी. पाहुणे आले की झगमगाट, टीव्ही लावला की मंद. झुंबरात 60 वॅटचे पाच पिवळे दिवे, म्हणजे 300 वॅटचा भार. डिमर त्याच हिशेबाने बनवलेला. माझ्या हातून गेलेल्या कित्येक जुन्या डिमरांच्या पाठीवर ‘60 ते 400 वॅट’ असे छापलेले होते. मग 5 जानेवारी 2015 रोजी केंद्र सरकारची स्वस्त एलईडी दिव्यांची उजाला योजना सुरू झाली. देशभरात 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, बाजारातले भावही पडले, आणि झुंबरातल्या 60 च्या जागी 9 वॅटचे दिवे आले. पाच नव्वे पंचेचाळीस. अख्खे झुंबर लावले तरी डिमरला लागणारा किमान भार भरत नाही. दिवे बदलले, घुंडी तशीच राहिली.

आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 अर्ध्या लहरी. डिमरमधला ट्रायॅक (वीज भराभर तोडणारा-जोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा तुकडा गाळतो आणि उरलेला पुढे सोडतो. जुन्या दिव्याची तार तापलेली असते, एवढ्याशा खंडाने ती गार होत नाही, म्हणून डोळ्याला फक्त मंद उजेड दिसतो. एलईडीच्या बुडात मात्र स्वतःचे सर्किट असते आणि त्याला अखंड लहर लागते. शिवाय भार कमी पडला की ट्रायॅक मध्येच सुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो. दिवा लुकलुकतो, कधी गुणगुणतो आणि लवकर मरतो. ‘आम्ही घुंडी पूर्ण फिरवूनच ठेवतो’ असे लोक सांगतात. त्याने काही होत नाही. घुंडी कुठेही असली तरी डिमर लाइनमध्येच असतो.

माझी थोरली बहीण सांगलीत राहते. तिचा फोन आला, ‘अरे, दिवा लावला की डोळ्यांपुढं नुसतं लुकलुक लुकलुक होतंय बघ. मोतीबिंदूचं ऑपरेशन वाया गेलं की काय?’ त्याआधी तिने दुकानदाराच्या सांगण्यावरून दिवे बदलून झाले होते, मग महागातल्या कंपनीचे आणून झाले होते. शेवटी एका ठेकेदाराने हॉलचे सगळे वायरिंग नव्याने करण्याचा अंदाज कागदावर लिहून दिला होता: भिंतीला खाच, पीव्हीसी पाइप, प्लास्टर, रंग, आणि रक्कम पाच आकडी. ठेकेदार लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्याने होल्डर तपासले, जोड तपासले. बोर्ड मात्र उघडला नाही.

बोर्ड उघडायला चार स्क्रू लागतात. सनमायकाची प्लेट पुढे ओढली की पाठीमागे चित्र स्पष्ट असते. आपल्याकडच्या जुन्या बोर्डांत बहुधा स्विच आणि डिमर एकामागोमाग जोडलेले असतात: फेज (जिवंत वायर) स्विचला येतो, स्विचमधून एक लहानसा तुकडा डिमरला जातो आणि डिमरमधून वायर वर दिव्याकडे. काम एवढेच, की तो मधला तुकडा काढायचा आणि दिव्याकडे जाणारी वायर सरळ स्विचच्या सुट्या टर्मिनलला आवळायची. जुना पियानो स्विच सैल झाला असेल तर आयएसआय शिक्क्याचा, 6 अँपिअरचा नवा बसवावा (त्यावर आयएस 3854 हा क्रमांक असतो). घुंडीच्या भोकावर डमी प्लेट. बोर्ड मॉड्युलर असेल तर डिमर काढून त्या जागी साधा स्विच बसतो आणि उरलेल्या खाचेत डमी. बहिणीच्या घरी सामानाचा खर्च शंभर रुपयांच्या आत आटोपला.

इतके सोपे असूनही जपायचे कुठे, ते सविस्तर लिहितो, कारण माणसे इथेच दगावतात. मेन बंद केला की घर मेले असे सगळे धरून चालतात. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे हे खरे नाही. मेन खाली पाडताच इन्व्हर्टर आपले काम इमानाने सुरू करतो आणि हॉलच्या बोर्डात 230 व्होल्ट जिवंतच राहतात. त्याच बोर्डात एका स्विचला महावितरणचा फेज आणि शेजारच्याला इन्व्हर्टरचा, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. तेव्हा मेन बंद, इन्व्हर्टरही बंद आणि त्याची आउटपुट लाइनही सोडवलेली, मगच पेचकस हातात. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करावी, मग बोर्डातल्या प्रत्येक टर्मिनलला लावावा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर? माझी मुले (विद्यार्थ्यांना मी अजून मुलेच म्हणतो) या तिसऱ्या तपासणीला कंटाळायची. मी गुण कापायचो.

दुसरे, वायर. त्या काळच्या बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमची वायर आहे. ती एकदा वाकवली की सरळ होते, पुन्हा वाकवली की स्क्रूच्या तोंडाशीच तुटते, आणि भिंतीत वायरला ढील नसेल तर जोडायला काही उरत नाही. तिला तांब्याचा तुकडा पीळ घालून जोडू नये, तो जोड पुढे सैल होऊन तापतो. तिसरे, जिन्यातला किंवा बेडरूममधला दिवा दोन ठिकाणांहून लागत असेल तर डिमरच्या जागी टू-वे स्विचच लागतो आणि कॉमनची (सामाईक टर्मिनलची) वायर कॉमनलाच गेली पाहिजे. काही काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आमच्या वेळी कागदावर आकृती काढावी लागे.

‘हे बेकायदा नाही का?’ असे बहिणीच्या शेजाऱ्यांनी विचारले. रास्त प्रश्न आहे. घरातले वीजकाम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे असा नियम आहे. पण 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला 45 वा नियम आणि 2010 सालचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम, दोन्हींत दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्याला सूट दिलेली होती. अट एकच, मांडणीची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. नवी लाइन ओढणे वेगळे आणि स्विच बदलणे वेगळे. तरीही ज्याने कधी टेस्टर धरलेला नाही त्याने हा लेख, म्हणजे हे पत्र, वाचून शिडीवर चढू नये. वायरमनला बोलवा, पण ‘दिवा लुकलुकतो, बघा’ असे मोघम सांगू नका. ‘डिमर काढून दिवा थेट स्विचवर घ्या’ असे सांगा. काम अर्ध्या तासाचे आहे हे त्यालाही कळेल आणि तुम्हालाही.

ज्यांना मंद उजेड हवाच आहे त्यांच्यासाठी डिमरवर चालणारे एलईडी आणि त्यांना जुळणारे नवे डिमर बाजारात मिळतात. हौस असेल त्यांनी जरूर घ्यावेत. बहिणीने कोपऱ्यात एक झिरोचा दिवा लावला आणि विषय संपवला.

माझी खरी तक्रार दिव्याच्या खोक्याबद्दल आहे. ‘डिमरवर वापरू नये’ ही सूचना बहुतेक खोक्यांवर असते, पण इंग्रजीत, तळाच्या घडीवर, आणि इतक्या बारीक अक्षरांत की सत्तरी ओलांडलेल्या बाईला भिंगाशिवाय दिसू नये. वॉरंटीचे वर्ष मात्र पुढच्या बाजूला बोटभर उंचीचे. दिवा महाराष्ट्रात विकायचा असेल तर ही एक ओळ मराठीत, पुढच्या बाजूला छापायला किती शाई लागते? ते होईपर्यंत दुकानदारांनी पिनचा की पेचाचा हे विचारतात तसे ‘बोर्डावर डिमर आहे का?’ एवढेही विचारावे. आपल्या पुरवणीने पुढच्या रविवारी त्या लेखाखाली चौथे कारण जोडले, तर पुष्कळांच्या भिंती वाचतील.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (तारतंत्री), मिरज

ता. क. – पंख्याचा रेग्युलेटर दिसायला डिमरसारखाच असतो. तो डिमर समजून काढू नका, आणि पंख्याचा जुना रेग्युलेटर दिव्याच्या लाइनीतही बसवू नका. हेही उद्योग मी पाहिले आहेत.