परत आलेल्यांची विचारपूस

रावेर, रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांच्या आपल्या ऑनलाइन मंडळाचे काम तू पुढे सांभाळणार, हे वाचून हायसे वाटले. गेली चार वर्षे केळीच्या बागेला पाणी देता देता मी ते केले. शेतीची वीज रात्रीची आली की बैठक विहिरीवरूनच चालवली.

बैठकीची वेळ किरकोळ बाब समजू नकोस. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा लंडनला उन्हाळ्यात दुपारचे तीन आणि हिवाळ्यात दोन वाजलेले असतात. सिडनीला मात्र मध्यरात्र झालेली असते. तिकडच्या तिघी हळूहळू गळाल्या आणि त्या का येत नाहीत, हे विचारायला मला सहा महिने लागले. आता दर तिसरी बैठक सकाळी सातला ठेवतो.

जाणाऱ्यांसाठी फारसे काही करावे लागत नाही. त्यांचे अर्ज वाचायला सगळे तयार असतात. फक्त आपले जुने निबंध आयते कोणाला देऊ नयेत, एवढा नियम पाळ. ओस पडते ती परतीची बाजू. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीची अटच आहे की शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे. अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवाल्यांनाही त्यांच्या व्हिसामुळे तसेच परतावे लागते. या दोन वर्षांत माणसाचे काय होते, याची विचारपूस आपण केलीच नव्हती.

शहाद्याकडची एक मुलगी इंग्लंडहून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आली. आठ महिने काम मिळाले नाही, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा 'मग तिकडेच का नाही राहिलीस?' असे विचारी. आपल्या गटावर रोज कोणाच्या तरी अभिनंदनाची रांग लागलेली असे, म्हणून तिने संदेश वाचणेच सोडले होते. ही रांग मीच हौसेने सुरू केली होती, हे कबूल करतो. अखेर मी फोन करून 'काय चालू शे?' असे अहिराणीत विचारले, तेव्हा ती तासभर बोलली.

त्या रात्री मला बाबासाहेब आठवले. तुलना करण्याचे धाडस नाही; पण मालेगाव तालुक्यातील कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, आणि ज्या पारशी खानावळीत ते उतरले तीही जातीपायी सोडावी लागली. शिष्यवृत्ती देणारा राजा मोठ्या मनाचा होता, तरी परतलेल्या माणसाच्या पाठीशी गावात कोणी उभे नव्हते.

म्हणून आता कोणी परतले की महिन्याभरात दोघांनी फोन करायचा: एक त्याच देशात शिकलेला, दुसरा खानदेशातला. नोकरीचा विषय त्याने काढल्याशिवाय आपण काढायचा नाही. जळगाव किंवा धुळ्याला येणे जमत असेल, तर भरीत आणि कळण्याच्या भाकरीचे निमंत्रण द्यायचे; समोरासमोर बसल्यावर माणूस पडद्यावर न सांगितलेले सांगतो. हे फोन वाटून देण्यातच तुझा बहुतेक वेळ जाईल.

सोबत यादी पाठवत आहे. फुली मारलेली सात नावे नुकत्याच परतलेल्यांची आहेत. त्यांना या आठवड्यातच फोन व्हावेत. शहाद्याला मात्र मीच करीन, कारण गेल्या खेपेला तिने केळीचे वेफर मागितले होते आणि ते अजून पाठवायचे राहिले आहेत.

तुझा,
रावेरकर