कुओपिओच्या अनोळखी माणसांचे आभार

यंदा युहान्नुसच्या, म्हणजे तिथल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला सासूबाईंना घेऊन फिनलंडला, कुओपिओजवळच्या त्यांच्या आजोळी गेलो होतो. दफनभूमीत नोंदी चाळून पणजीची कबर दाखवणाऱ्या ताई आणि थेट फाट्यावर उतरवून वाट सांगणारे बसचालक, तुमचे किती आभार मानू! तुमच्यामुळे मामेभावंडांची भेट झाली.

आणि शेजारच्या त्या आजी! सौनासाठी, म्हणजे गरम वाफेच्या स्नानासाठी, बर्च झाडाच्या डहाळ्यांची ‘वास्ता’, म्हणजे अंगावर हलके मारायची जुडी, कशी बांधायची, ते त्यांनी सासूबाईंचा हात हातात धरून शिकवलं. पानांची तुकतुकीत बाजू बाहेर ठेवायची, देठ पिळलेल्या कोवळ्या फांदीने आवळायचे. वर राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या जाड कवचात मासे भरून भाजलेलं कालाकुक्को बांधून दिलं. आजी, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.